नायसिनची गोळी घेतली आणि अंगाची लाही लाही झाली... आता ‘नो फ्लश’वाली घेऊ का?

कानगरम

मंडळी जरा लाजतच विचारतोय, हसू नका. वय ४४, बीपी शुगर काही नाही, पण यावेळच्या लिपिड प्रोफाइलमध्ये एचडीएल (ते चांगलं कोलेस्टेरॉल) ३३ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६० आलं. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत तपासू. पण मला कुठला दम, रात्री मोबाईल घेऊन वाचत सुटलो आणि जिथे तिथे एकच, की एचडीएल वाढवायचं असेल तर नायसिन, म्हणजे बी ३ व्हिटॅमिन. म्हटलं व्हिटॅमिनच तर आहे, त्याला काय विचारायचं कुणाला, आणि ५०० मिग्रॅची बाटली मागवली. रविवारी सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी एक गोळी टाकली आणि वरून कडक गरम कॉफी.

वीसेक मिनिटांत आधी कान तापले. मग चेहरा, मान, छाती असं ते वरून खाली उतरत गेलं, लालभडक झालो आणि खाज म्हणजे कुणी अंगाला खाजकुयली चोळावी तशी, वर छातीत धडधड. उठून उभा राहिलो तर चक्कर. बायको म्हणाली रिॲक्शन आलीय, चप्पल घाल आणि चल आधी हॉस्पिटलला. तिची चप्पल घालून होईपर्यंत मात्र उतरायला लागलं आणि तासाभरात सगळं गायब, जणू काही झालंच नव्हतं!

ऑफिसमधला मित्र म्हणतो अरे तू चुकीची घेतलीस, ‘नो फ्लश’ घ्यायची असते, ती सेफ. शोधायला गेलो तर डोकंच चक्रावलं. एक साधं नायसिन, एक टाइम रिलीज, एक नो फ्लश जिच्यावर मागे बारीक अक्षरात इनॉसिटॉल हेक्सानिकोटिनेट लिहिलंय, एक नायसिनामाइड, आणि एक एनआर नावाचं काहीतरी जे घेतल्यावर माणूस म्हणे परत तरुण होतो. सगळ्यांवर बी ३ च लिहिलंय. मग हे सगळं एकच आहे का? माझी ॲलर्जी होती का? आणि न भाजणारी घेतली तर चालेल ना?

गोळीवाला

हसत नाही हो, तुमच्यासारखे महिन्याला एक दोन येतात. मी फार्मसिस्ट आहे, हॉस्पिटलच्या औषध विभागात, त्यामुळे सांगतो ते कामातलं सांगतो, पण तुमच्या डॉक्टरांची जागा घेत नाही.

आधी ॲलर्जीचं. तुम्ही जे वर्णन केलंय तो अगदी पुस्तकातला फ्लश आहे. नायसिन रक्तात एकदम चढलं की त्वचेतल्या काही पेशींवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, त्या पेशी प्रोस्टाग्लँडिन सोडतात, त्याने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त वर येतं. म्हणून लाली, आग, खाज. वाहिन्या सैल पडल्या की बीपी थोडं उतरतं, म्हणून उभं राहिल्यावर चक्कर. रिकामं पोट आणि गरम कॉफी ही तुम्ही स्वतःच घातलेली फोडणी. (मात्र ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, घशात आवळल्यासारखं झालं, अंगावर गांध्या उठल्या तर ते प्रकरण वेगळं. तेव्हा फ्लश म्हणून घरी बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल.)

आता डोस बघा. मोठ्या पुरुषाला दिवसाला सगळं मिळून १६ मिग्रॅ नायसिन लागतं, बाईला १४. ते बहुतेकांना रोजच्या जेवणातून मिळतंच, शिवाय शरीर ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो ॲसिडपासून स्वतःही बनवतं. तुम्ही एका दमात ५०० घेतलं, म्हणजे महिनाभराचा कोटा एका घोटात. इतक्या डोसला ते व्हिटॅमिन राहत नाही, औषध होतं. औषधाचे गुण आणि औषधाचेच दोष. फ्लश तर ३० ते ५० मिग्रॅलासुद्धा येऊ शकतो.

सगळं एकच का, तर नाही, आणि खरी गोची इथेच आहे. बी ३ हे घराण्याचं नाव समजा. त्यात नुसतं ‘नायसिन’ लिहिलेलं असेल तर सप्लिमेंटच्या बाटलीवर बहुतेक वेळा त्याचा अर्थ निकोटिनिक ॲसिड. (नाव ऐकून लोकांना तंबाखू आठवायची म्हणून नायसिन हे सोज्वळ नाव पाडलं, तंबाखूतल्या निकोटिनशी तुमच्या गोळीचा काही संबंध नाही.) कोलेस्टेरॉलवर परिणाम करतं ते हेच, १९५५ साली पहिल्यांदा लक्षात आलं ते. आणि अंग भाजतं तेही हेच.

नायसिनामाइड किंवा निकोटिनामाइड हा त्याचा सख्खा भाऊ. व्हिटॅमिन म्हणून दोघांचं काम सारखंच, कमतरतेचा आजार, म्हणजे पेलाग्रा, झाला तर उलट यालाच पसंती देतात कारण भाजत नाही. पण कोलेस्टेरॉल ट्रायग्लिसराइडवर त्याचा काही उपयोग नाही. शून्य. म्हणजे तुमच्या मित्राने ‘न भाजणारी’ म्हणून ही हातात दिली तर तुम्ही सहा महिने आनंदाने खाल आणि रिपोर्ट तिथल्या तिथे.

‘नो फ्लश’ म्हणजे इनॉसिटॉल हेक्सानिकोटिनेट. एका इनॉसिटॉलला सहा निकोटिनिक ॲसिड बांधलेली असतात. आयडिया अशी की शरीर ती हळूहळू सोडवेल आणि भाजणार नाही. प्रत्यक्षात रक्तात मोकळं निकोटिनिक ॲसिड इतकं कमी येतं की भाजत नाही हे खरं, पण लिपिडवर तपासलं तेव्हा फरकही काही पडला नाही. लोक ज्याला सेफ म्हणतात ते बऱ्याचदा नुसतं निरुपयोगी असतं.

राहिलं टाइम रिलीज. त्याच्याबद्दल वेगळं लिहितो, जेवण करून येतो.

साखरझोप

गोळीवाले दादा जेवून येईपर्यंत मी टाइम रिलीजबद्दल लिहिते कारण आमच्या घरात झालंय.

माझा मोठा भाऊ, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तो साधं नायसिन घ्यायचा, हळूहळू वाढवत २ ग्रॅमवर गेला होता, डॉक्टरला माहीत होतं, तपासण्या चालू होत्या, सगळं व्यवस्थित. फक्त फ्लशला कंटाळला होता. मीटिंगमध्ये तोंड लाल व्हायचं आणि लोक विचारायचे काय रे बरं नाही का. तर एके दिवशी त्याने कुणालाही न विचारता टाइम रिलीजवाली आणली आणि तोच २ ग्रॅमचा डोस पुढे चालू ठेवला, कारण बाटलीवर दोन्हीकडे नायसिन ५०० च लिहिलेलं ना! फ्लश बंद झाला. इतका खुश की मला फोन करून सांगितलं.

दीड महिन्याने जेवण जाईना. मळमळ, थकवा, संध्याकाळी सहालाच आडवा. आम्हाला वाटलं कामाचा ताण. मग लघवी गडद व्हायला लागली आणि वहिनीच्या लक्षात आलं की डोळे पिवळे दिसतायत. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या टेस्टमधला आकडा, हजाराच्या वर. हिपॅटायटिसच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, दारू तो घेत नाही, डॉक्टर सारखे विचारतायत काय घेताय काय घेताय आणि हा म्हणतोय काही नाही, फक्त व्हिटॅमिन. तिसऱ्या दिवशी वहिनीने बाटलीच नेऊन टेबलावर ठेवली तेव्हा उलगडा झाला.

गोळी बंद केली आणि पाच सहा आठवड्यांत रिपोर्ट जागेवर आले, नशीब. पण ते पाच सहा आठवडे आम्ही कसे काढले आमचं आम्हाला माहीत. कानगरम भाऊ तुमची बायको बरोबर आहे, तिचं ऐकत जा.

गोळीवाला

ताई, तुमच्या भावाचं झालं ते अगदी नेहमीचं आहे हो, इतकं नेहमीचं की आमच्याकडे नव्या लोकांना शिकवताना हेच उदाहरण देतात, साध्यावरून टाइम रिलीजवर उडी आणि डोस तोच. आता कारण सांगतो म्हणजे कानगरम यांच्या ‘न भाजणारी चालेल ना’चं उत्तरही त्यातच येईल.

लिव्हरकडे नायसिनची विल्हेवाट लावायचे दोन रस्ते आहेत. एक अरुंद बोळ आणि एक हमरस्ता. गंमत अशी की नायसिन थोडं थोडं आलं तर पहिल्यांदा बोळातच शिरतं. बोळात शिरलं की त्याचं निकोटिनामाइड आणि पुढची वेगवेगळी रूपं होतात, आणि लिव्हरला जो त्रास व्हायचा तो या रस्त्याच्या मालामुळे होतो असं मानतात. साधी गोळी पोटात एकदम विरघळते, लोंढा येतो, बोळ दोन मिनिटांत तुंबतो आणि उरलेलं सगळं हमरस्त्याने ग्लायसिनला चिकटून लघवीवाटे बाहेर. लोंढा आला म्हणून तुम्ही भाजता, पण लिव्हर त्यातल्या त्यात सुटतं. टाइम रिलीज गोळी बारा बारा तास ठिबकत राहते. लोंढाच नाही, त्यामुळे फ्लश नाही, पण एकूण एक थेंब बोळातून जातो आणि लिव्हर दिवसभर तेच उपसत बसतं.

१९९४ चा एक अभ्यास आहे, छोटाच, ४६ माणसं. अर्ध्यांना साधं, अर्ध्यांना सस्टेन्ड रिलीज (म्हणजे टाइम रिलीजच), ५०० मिग्रॅपासून पायरी पायरीने ३ ग्रॅमपर्यंत. सस्टेन्डवाल्या २३ पैकी १२ जणांच्या लिव्हरला त्रास झाला. साध्यावाल्या २३ पैकी एकालाही नाही. म्हणजे साधं नायसिन लिव्हरला कधीच काही करत नाही असं नव्हे, करतं, तपासण्या त्यावरही लागतातच. पण फरक केवढा बघा.

प्रिस्क्रिप्शनवर मिळायचं ते एक्सटेंडेड रिलीज या दोघांच्या मधलं, आठ ते बारा तासांत सुटणारं, रात्री झोपताना घ्यायचं. ते म्हणजे बाहेर मिळणारं ‘स्लो’ किंवा ‘टाइम’ रिलीज नव्हे, नावं सारखी वाटतात म्हणून अदलाबदल करायची नाही.

थोडक्यात मित्राला सांगा, न भाजणं आणि सेफ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजणाऱ्या गोळीचं एक बरं असतं, ती घेतली आहे हे कळतं तरी.

वाद_नको

मी गेली कित्येक वर्षं साधं निकोटिनिक ॲसिड घेतोय, दीड ग्रॅम, आणि इथे आल्यापासून बघतोय की नायसिनचं नाव काढलं की सगळे अंगावर येतात. थोडी दुसरी बाजू.

स्टॅटिन बाजारात यायच्या आधी कोलेस्टेरॉलवर औषधं होती किती? कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट म्हणून मोठी ट्रायल झाली, १९६६ ते १९७५, आधी एक हार्ट ॲटॅक येऊन गेलेले पुरुष, नायसिन ३ ग्रॅम. दुसरा ॲटॅक यायचं प्रमाण कमी झालं, आणि १५ वर्षांनी मोजलं तर नायसिनच्या गटात मृत्यू ११ टक्के कमी होते. हे काही कुणा बाबाने सांगितलेलं नाही. शिवाय एचडीएल वर, ट्रायग्लिसराइड खाली, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तेही थोडं खाली, आणि लायपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, ज्याच्यावर साधी गोळी म्हणून फारसं काही नाही, तेसुद्धा २०-३० टक्के खाली. माझं दुखणं नेमकं तेच, घराण्यात आहे, वडील ५१ व्या वर्षी गेले. म्हणून मी घेतो.

फ्लशचं म्हणाल तर तो जिंकता येतो. कुणीही ५०० ने सुरुवात करत नाही हो, कानगरम, तुम्ही पोहायला शिकायचं म्हणून थेट विहिरीत उडी मारलीत. मी ५० ने केली, जेवणाच्या मध्ये, गरम काही नाही, दारू नाही, मसालेदार नाही, आणि आठवड्या आठवड्याने वाढवत गेलो. रोज न चुकता घेतलं की काही आठवड्यांत शरीर सरावतं. पण दोन तीन दिवस खंड पडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काही लोक अर्धा तास आधी ॲस्पिरिन घेतात, ती प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही म्हणून उपयोग होतो, पण ॲस्पिरिनचा पोटातून रक्तस्त्रावाचा धोका आहे त्यामुळे ते मनाने करू नका.

आणि हो, दर तीन चार महिन्यांनी लिव्हर, शुगर, युरिक ॲसिड करतो. युरिक ॲसिड वाढलंय. गेल्या वर्षी पायाचा अंगठा सुजून आठ दिवस चप्पल घालता आली नाही, गाउट निघाला. ते सोडलं तर काही नाही.

साखरझोप

“ते सोडलं तर काही नाही” 😀 काका तुम्ही पण ना!

रात्रपाळी

वाद_नको काका, वाद घालत नाही, पण तुमच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगायला हवा. मी फिजिशियन आहे, आत्ता ड्युटीवर, मधूनच उठून जावं लागलं तर समजून घ्या.

कोरोनरी ड्रग प्रोजेक्टच्या वेळी स्टॅटिन नव्हते हे तुम्हीच लिहिलंत आणि तीच मेख आहे. आज ज्याला गरज आहे तो आधी स्टॅटिनवर असतो, मग प्रश्न असा होतो की त्याच्यावर नायसिन टाकून अजून काही मिळतं का. हे दोनदा नीट तपासलं गेलं. एम-हाय नावाच्या ट्रायलमध्ये ३४१४ लोक, सगळे स्टॅटिनवर, अर्ध्यांना एक्सटेंडेड रिलीज नायसिन दीड ते दोन ग्रॅम. एचडीएल ३५ वरून ४२ वर गेलं, ट्रायग्लिसराइड उतरलं, कागदावर झकास. ॲटॅक तेवढेच. २०११ मध्ये मुदतीआधीच थांबवली. (यातली एक गंमत, प्लासिबो गोळीतही ५० मिग्रॅ साधं नायसिन घातलं होतं, का तर लोकांनी फ्लशवरून आपल्याला खरी मिळाली की खोटी हे ओळखू नये म्हणून!)

दुसरी एचपीएस२-थ्राइव्ह, २५,६७३ लोक, जवळपास चार वर्षं, निकाल २०१४ चा. फायदा पुन्हा नाही, आणि तोट्याची यादी मात्र लांब. नव्याने डायबेटिस, असलेला डायबेटिस बिघडणं, पोटाच्या तक्रारी, स्नायूंच्या तक्रारी, इन्फेक्शन, रक्तस्त्राव. काका म्हणतील त्या गोळीत फ्लश दाबणारं लॅरोपिप्रँट पण होतं, दोष त्याचा असेल. काही अंशी असेलही, ती जोडगोळी युरोपात २०१३ लाच मागे घेतली. पण एम-हायमध्ये लॅरोपिप्रँट नव्हतं आणि तिथेही हाती काही लागलं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्टॅटिनसोबत नायसिन द्यायची मंजुरी काढून घेतली, फायदा धोक्यापेक्षा जास्त दिसत नाही या कारणावर.

याच्यामागची गोष्ट कानगरम यांच्यासाठी महत्त्वाची. एचडीएल कमी असलेल्यांना ॲटॅक जास्त येतात हे खरं आहे. पण औषधाने तो आकडा ढकलून वर नेला म्हणजे ॲटॅक टळतो, हे खरं निघालं नाही. नायसिनच नाही, एचडीएल वाढवणारं टोरसेट्रापिब नावाचं औषध होतं, त्याने एचडीएल भरपूर वाढवलं आणि मृत्यूही वाढले, २००६ मध्ये ट्रायल बंद करावी लागली. थर्मामीटर गार पाण्यात धरला म्हणून ताप उतरत नाही.

अजून एक, २०२४ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये पेपर आला. नायसिन गरजेपेक्षा जास्त झालं की शरीर त्याचा शेवट २पीवाय आणि ४पीवाय अशा दोन पदार्थांत करतं. ज्यांच्या रक्तात हे जास्त होते त्यांना पुढे हार्ट ॲटॅक, स्ट्रोक जास्त आले, आणि उंदरांमध्ये ४पीवायने रक्तवाहिन्यांच्या अस्तरात सूज आणणारा रेणू वाढवला. हे संबंध दाखवणारं काम आहे, नायसिनमुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण लिपिड सुधारूनही फायदा का दिसला नाही या जुन्या कोड्याचा हा एक धागा असू शकतो. आणि लक्षात घ्या, हा शेवट निकोटिनामाइडचाही हाच आहे, त्यामुळे ‘दुसरा फॉर्म घेतो’ म्हणून यातून सुटका नाही.

आलो, बेल वाजली.

कानगरम

बाप रे. मी व्हिटॅमिन समजून काय उद्योग केला. सगळ्यांचे आभार, खासकरून साखरझोप ताईंचे, तुमचा किस्सा बायकोला वाचून दाखवला आणि आता मला घरात काही किंमत राहिली नाही.

दोन शंका. एक, बायको चेहऱ्याला सिरम लावते त्यावर नायसिनामाइड ५ टक्के लिहिलंय, ते बंद करायला सांगू का (सांगायची हिंमत नाही पण तरी)? दोन, ते एनआर काय आहे? आणि मी एकच गोळी घेतली त्याने लिव्हरला काही झालं असेल का?

गोळीवाला

सिरमचं राहू द्या, हिंमत दुसऱ्या कामाला वापरा. त्वचेवरून आत जातं ते नगण्य, फार तर कुणाला थोडं चुरचुरतं.

पोटात घ्यायच्या नायसिनामाइडला एक खरा उपयोग सापडलाय तोही त्वचेचाच. ऑस्ट्रेलियात ३८६ लोकांवर ट्रायल झाली, ज्यांना आधी त्वचेचा कॅन्सर (मेलानोमा सोडून दुसरे दोन प्रकार) होऊन गेलेले, त्यांना ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा वर्षभर दिलं, नवीन कॅन्सर २३ टक्के कमी झाले. २०१५ चं आहे ते. गोळ्या बंद केल्यावर फायदाही संपला. आणि हे त्या विशिष्ट लोकांपुरतं, सरसकट कुणीही खायचं नाही. भाजत नाही म्हणून लोक मूठमूठ घेतात, पण दिवसाला ३ ग्रॅमच्या वर तेही मळमळ आणि लिव्हरवर जातं.

युरोपच्या मर्यादा बघितल्या तर फरक लगेच समजतो. सप्लिमेंटमधून निकोटिनिक ॲसिड दिवसाला १० मिग्रॅपर्यंत, निकोटिनामाइड ९०० पर्यंत. एकाच व्हिटॅमिनची दोन रूपं आणि मर्यादेत ९० पट! अमेरिकेत मात्र दोन्हींना मिळून एकच ३५ मिग्रॅचा आकडा आहे, तो फ्लश धरून ठरवलेला. म्हणून नुसतं ‘बी ३ किती घेऊ’ या प्रश्नाला उत्तरच नसतं, आधी कुठलं ते सांगा.

एनआर म्हणजे निकोटिनामाइड रायबोसाइड. पेशीत एनएडी नावाचं द्रव्य असतं, ऊर्जेच्या सगळ्या कारभारात ते लागतं, वयाबरोबर ते कमी होतं, आणि एनआर घेतल्यावर रक्तातलं एनएडी वाढतं, इथपर्यंत खरं. त्याने माणूस तरुण होतो किंवा जास्त जगतो हे माणसांत कुणी दाखवलेलं नाही. जाहिरात या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून आत येते.

एका गोळीने लिव्हरला काही होत नाही, निवांत झोपा.

वाद_नको

रात्रपाळी डॉक्टर, वाचलं सगळं. मान्य नाही असं नाही. पण एम-हायमधल्या लोकांचं एलडीएल स्टॅटिनने आधीच इतकं खाली आणून ठेवलेलं की तिथे अजून काय फरक दिसणार होता? मला स्टॅटिनने स्नायू दुखतात, दोन वेगवेगळे घेऊन बघितले. माझ्यासारख्याने काय करायचं?

रात्रपाळी

रास्त प्रश्न आहे काका, आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही. पूर्वी स्टॅटिन चालत नसतील तर नायसिनकडे वळायचे कारण दुसरं फारसं नव्हतं. आता एझेटिमाइब आहे, बेम्पेडोइक ॲसिड आहे, पीसीएसके९ ची इंजेक्शनं आहेत, आणि ती इंजेक्शनं लायपोप्रोटीन ए सुद्धा काही प्रमाणात उतरवतात. बेम्पेडोइकने युरिक ॲसिड वाढतं, त्यामुळे तुमच्या अंगठ्याकडे बघून ते जरा मागे ठेवू. तुमच्या डॉक्टरांशी हा विषय नव्याने काढा एवढंच म्हणतो, गोळी उद्यापासून बंद करा असं मी इथून सांगणार नाही.

एक विचारतो, डोळे तपासलेत का इतक्यात? जास्त डोसला क्वचित रेटिनाच्या मधोमध सूज येते, वाचताना अक्षरं धूसर किंवा सरळ रेघ वाकडी दिसते. नायसिन थांबवलं की सहसा निवळते. पण लोक चष्म्याचा नंबर वाढला म्हणून वर्षभर नवे चष्मे करत बसतात.

कानगरम, तुमचं ट्रायग्लिसराइड २६० आहे. तपासणीच्या आदल्या रात्री काय झालं होतं, उपाशीपोटी रक्त दिलं होतं का, दारू किती, गोड किती, थायरॉइड आणि तीन महिन्यांची शुगर बघितली का? ट्रायग्लिसराइड वजन, साखर आणि दारूचं फार ऐकतं, पाच सहा किलो उतरले की तो आकडा बऱ्याचदा आपोआप खाली येतो आणि एचडीएल थोडं वर सरकतं. तुमच्या डॉक्टरांनी तीन महिने दिलेत ते उगाच नाही दिलेले. आणि एनर्जी ड्रिंक पीत असाल तर त्याच्या मागचं वाचा, त्यातही नायसिन असतं. एका माणसाने दिवसाला चार पाच बाटल्या तीन आठवडे प्यायल्या आणि हिपॅटायटिस घेऊन आला, अशी केस छापून आलीय, डॉक्टरांचा संशय त्यातल्या नायसिनवरच होता.

कानगरम

डॉक्टर तुम्ही काय कॅमेरा लावलाय का माझ्या घरात. रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी पुतण्याचं लग्न होतं. बाकी तुम्हीच समजा.

आणि अजून एक कबुली. परवा मित्राचं ऐकून मी दुसरी बाटलीही मागवून बसलो होतो, ती आज आली. पुढे मोठ्या अक्षरात ‘लो फ्लश’, मला वाटलं हीच ती नो फ्लश. तुमचं वाचून मागचं लेबल बघितलं तर नायसिन ५०० मिग्रॅ, सस्टेन्ड रिलीज. म्हणजे साखरझोप ताईंच्या भावाचीच की! अर्धी तोडून अर्धी अर्धी घेतली तर?

गोळीवाला

नाही!! टाइम रिलीज गोळी तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही. वरचं आवरण किंवा आतली जाळी तुटली की बारा तासांचा माल एकदम बाहेर येतो, म्हणजे परत रविवारची सकाळ. परत करून टाका.

कानगरम

परत कुठली, बायकोने केव्हाच उचलून ठेवलीय. कुठे ते सांगत नाही. बूट मात्र दारात काढून ठेवलेत, उद्या सहाला चालायला जायचंय म्हणे, दोघांनी.

साखरझोप

वहिनींना माझा नमस्कार सांगा 🙏